राष्ट्रीय सिम रेसिंग स्पर्धेत उतरताना: नागपूरच्या नवोदित चालकांसाठी मार्गदर्शन

सिम रेसिंगमध्ये, म्हणजे संगणकावर हुबेहूब खेळल्या जाणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत, चालक घरातल्या खुर्चीवर बसलेला असतो, परंतु त्याच्या हातातील व्हील, पायाखालचे पेडल आणि पडद्यावरची गाडी यांच्यामागे टायरचे तापमान, इंधनाचे वजन, हवेचा दाब आणि रस्त्यावरची पकड यांचे सतत गणित चालू असते. त्यामुळे मोबाइलवरच्या गाड्यांच्या खेळात हातखंडा असलेला मुलगा पहिल्यांदा व्हील हातात घेतल्यावर दुसऱ्याच वळणावर गवतात जातो, यात नवल नाही. नोकरी, महाविद्यालय किंवा दुकान सांभाळून राष्ट्रीय पातळीवरच्या अशा स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या नागपूरकरांसाठी हा लेख आहे. हौशी चालकाने एका जलद लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीच्या, मागे लागण्यापेक्षा प्रत्येक शर्यत पूर्ण करण्याची सवय लावून घ्यावी, हे माझे ठाम मत आहे आणि पुढच्या बहुतेक सूचना त्याच मतातून आलेल्या आहेत.

आधी नियमपुस्तिका, मग खरेदी

नवोदित मंडळी सहसा प्रथम व्हील विकत घेतात, मग खेळ निवडतात आणि शेवटी स्पर्धा शोधतात. हा क्रम नेमका उलटा असावा. स्पर्धेची नियमपुस्तिका हाती आली की ती कोणत्या सिम्युलेटरवर आहे, संगणक लागेल की प्लेस्टेशन चालेल, गाड्या कोणत्या गटातील आहेत, सेटअप, म्हणजे टायर, ब्रेक वगैरेंची जुळणी, सर्वांना सारखाच दिला जाणार आहे की ज्याचा त्याने करायचा आहे आणि वयाची अट काय आहे, हे सगळे समजते आणि खरेदीतील निम्मा खर्च वाचू शकतो.

सिम्युलेटरांची ओळख थोडक्यात करून देतो. २०१४ साली आलेला असेटो कोर्सा जुना असला तरी बाहेरच्या लोकांनी तयार केलेले ट्रॅक आणि गाड्या त्यात बसवता येतात, म्हणून छोट्या आयोजकांचा तो अजूनही लाडका आहे. २०१९ चा असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने जीटी प्रकारच्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या, गाड्यांपुरता आहे. २००८ पासून चालू असलेल्या आयरेसिंगला नियमित वर्गणी भरावी लागते, पण तेथे चालकाच्या सुरक्षित वागणुकीचे गुणांकन होते आणि स्वतःच्या खऱ्या नावाने उतरावे लागते, त्यामुळे शिस्त लवकर लागते. प्लेस्टेशनवाल्यांसाठी ग्रॅन टुरिझ्मो ७ आहे.

‘राष्ट्रीय’ हे विशेषण कोणताही आयोजक जाहिरातीत लावू शकतो, म्हणून त्यामागे कोण आहे ते पाहावे. देशातील मोटरस्पोर्टचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, ही संस्था पाहते आणि तिला आंतरराष्ट्रीय संघटना एफआयएची मान्यता आहे. स्पर्धेला या संस्थेची परवानगी आहे का, चालकाला तिचा परवाना काढावा लागणार आहे का आणि वादात अंतिम निर्णय कोणाचा, हे तीन प्रश्न नोंदणीपूर्वी लेखी विचारावेत. खासगी आयोजकांच्या स्पर्धाही चांगल्या असतात आणि अनुभवासाठी त्या खेळायलाच हव्यात. फक्त आपण कशात उतरत आहोत हे माहीत असावे.

घरच्यांना पैशाची शंका येणे साहजिक आहे. ऑनलाइन गेमिंगविषयी २०२५ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई केली, मात्र ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली; स्पर्धेत भाग घेण्यापुरते प्रवेशशुल्क आणि कामगिरीनुसार बक्षीस यांना त्यात जागा आहे, पैजेला नाही. ज्या गटात ‘शंभर-शंभर रुपये काढून जिंकेल त्याला सगळे’ असा प्रकार चालतो, तेथून दूर राहावे.

व्हील, पेडल आणि बसण्याची जागा

सुरुवातीला लॉजिटेक जी२९ किंवा जी९२३ या वर्गातील व्हील पुरेसे आहे. ते ९०० अंश फिरते, आतील दातेरी चाकांमुळे थोडी खडखड करते, पण मागचे टायर सुटायला लागल्याची जाणीव हाताला नक्की देते. पट्ट्यावर चालणारी व्हील अधिक मऊ असतात आणि मोटर थेट दांड्याला जोडलेली डायरेक्ट ड्राइव्ह व्हील सर्वांत स्पष्ट. तथापि पैसे मोजकेच असतील तर ते महागड्या व्हीलऐवजी चांगल्या ब्रेकवर खर्च करावेत. साध्या पेडलमध्ये पाय किती खाली गेला हे मोजले जाते, तर लोडसेल असलेल्या ब्रेकमध्ये पायाने किती जोर दिला हे मोजले जाते. आपल्या स्नायूंना अंतरापेक्षा जोर अधिक नेमका आठवतो, म्हणून प्रत्येक लॅपला त्याच जागी तेवढाच ब्रेक लागण्याची शक्यता वाढते.

जुने व्हील घेणार असाल तर विक्रेत्याच्या घरी जाऊन एक चाचणी करावी. विंडोज संगणकावर रन उघडून जॉय डॉट सीपीएल असे इंग्रजीत टाइप केले की जोडलेल्या कंट्रोलरची खिडकी उघडते. त्यात ब्रेकचे पेडल अगदी सावकाश, पाच-सहा सेकंद घेऊन, दाबत जावे आणि तेवढ्याच सावकाश सोडावे. पट्टी सरळ वाढली तर ठीक. मध्येच उडी मारत असेल किंवा पाय न हलवता थरथरत असेल तर आतील पोटेन्शिओमीटर, म्हणजे पेडलची हालचाल मोजणारा भाग, धूळ खाऊन बसला आहे, असे समजावे. साफ करून तो सुधारतोही, परंतु किंमत ठरवताना ही गोष्ट आपल्या बाजूने वापरता येते.

गुळगुळीत फरशीवर पेडलचा संच जोरात ब्रेक मारताच पुढे सरकतो. पेडलच्या मागे भिंतीपर्यंत लाकडी फळी ठोकून बसवणे हा सर्वांत स्वस्त इलाज. पुढे कायमस्वरूपी रिग, म्हणजे खुर्ची, व्हील आणि पेडल एकत्र बसवायची चौकट, करायची झाली तर परदेशी ॲल्युमिनियमच्या चौकटीसाठी अडून राहण्याचे कारण नाही. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक भागात फॅब्रिकेशनची कामे करणारे कारागीर आहेत. मापांचा कागद हातात दिला तर लोखंडी चौकोनी पाइपची चौकट ते नीट वेल्ड करून देतात. मापे देताना पेडलची पाटी मागे-पुढे करता येईल अशी भोके मागून घ्यावीत, कारण बसण्याचे अंतर पहिल्या महिन्यात बऱ्याचदा बदलते.

यानंतर पडद्यावर किती अंशांचे दृश्य दिसावे तो कोन, ज्याला सगळे एफओव्ही म्हणतात, तो मोजून लावावा. २७ इंची रुंद मॉनिटरची उंची साधारण ३३.६ सेंटिमीटर असते. डोळे पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर असतील तर निम्मी उंची १६.८ भागिले ६० म्हणजे ०.२८, कॅल्क्युलेटरवर त्याचा व्यस्त टॅन काढला की १५.६ अंश येतात आणि त्याची दुप्पट म्हणजे सुमारे ३१ अंश हा उभा एफओव्ही. असेटो कोर्सात उभा आकडा भरायचा असतो, आयरेसिंगमध्ये आडवा, जो याच मापांना सुमारे ५३ अंश येतो. मूळ सेटिंगपेक्षा हा आकडा बराच लहान असल्याने पहिले दोन दिवस घोड्याला झापडे लावल्यासारखे वाटते, परंतु वळण किती दूर आहे याचा अंदाज याच सेटिंगवर खरा येतो. बाजूची गाडी दिसत नाही म्हणून आकडा वाढवण्यापेक्षा रडार (जवळच्या गाड्या दाखवणारी पडद्यावरची खूण) किंवा आरसा चालू करावा.

नागपूरचे ऊन, वीज आणि इंटरनेट

हा भाग मुंबई-पुण्याच्या चालकांना एवढा महत्त्वाचा वाटणार नाही. नवतप्याच्या दिवसांत पारा ४५ च्या पुढे गेला की संगणक खोलीतीलच तापलेली हवा आत ओढतो, ग्राफिक्स कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि चित्र नेमके पहिल्या वळणावरच्या गर्दीत अडखळते. फ्रेमचा दर, म्हणजे सेकंदाला किती चित्रे बनतात तो आकडा, मॉनिटरच्या क्षमतेइतकाच बांधून ठेवावा, सरावाआधी पंख्यांवरील धूळ काढावी आणि शर्यत दुपारची असेल तर आदल्या दुपारी त्याच वेळेला पूर्ण लांबीची चाचणी घ्यावी. आपल्याकडे घरोघरी असलेला कूलर माणसासाठी उत्तम, पण त्याचा ओलसर झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये. काही व्हील तापल्यावर हाताला मिळणारा जोर कमी करतात, हेही अशा चाचणीतच लक्षात येते.

विजेसाठी संगणकाला यूपीएस असतोच, मात्र राउटर आणि व्हीलचा स्वतंत्र अडॅप्टर साध्या पिनमध्ये राहून जातात. मग वीज गेल्यावर संगणक चालू राहतो आणि गाडी सर्व्हरवरून गायब होते, किंवा चालत्या गाडीत व्हील निर्जीव होते. तिन्ही गोष्टी एकाच आधारावर असाव्यात. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे. साध्या मोडमध्ये बदल इतका सावकाश होतो की संगणक बंद पडतो. पहिल्या पावसाच्या वादळी संध्याकाळी याची परीक्षा होतेच.

इंटरनेटचा वेग किती यापेक्षा तो स्थिर किती, याला येथे महत्त्व आहे. शर्यतीला फार डेटा लागत नाही. पण पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा मिलिसेकंदांतील वेळ, ३० वरून अचानक २०० वर गेला की इतरांना आपली गाडी उड्या मारताना दिसते आणि न झालेली धडकही सर्व्हर धडक म्हणून नोंदवतो. वायफाय बंद करून राउटरपासून केबल ओढावी. सर्व्हर कुठे आहे हे आयोजकाला विचारावे, कारण मुंबईचा सर्व्हर आणि सिंगापूरचा सर्व्हर यांत फरक पडतो. रात्री नऊच्या सुमारास, घरात दुसऱ्या पडद्यावर मालिका चालू असताना, पंधरा मिनिटे पिंग चालू ठेवून सर्वांत वाईट आकडा लिहून घ्यावा. सरासरीपेक्षा तोच कामाचा.

नोंदणीची कागदपत्रे आणि फायली

नोंदणीत नाव, वयाचा पुरावा, अठरा वर्षांखालील चालकासाठी पालकांचे संमतिपत्र आणि स्टीम (संगणकावरचे खेळ विकणारा ऑनलाइन मंच) खात्याचा क्रमांक मागितला जातो. हा क्रमांक १७ आकडी असतो आणि सर्व्हरची प्रवेशयादी त्यावरच बनते. एक आकडा चुकला तर शर्यतीच्या रात्री दार उघडत नाही. तो हाताने टाइप न करता कॉपी करून चिकटवावा. असेटो कोर्सात बाहेरचा ट्रॅक असेल तर आयोजकाने दिलेल्या दुव्यावरूनच फाइल घ्यावी. दुसरीकडून घेतलेली आवृत्ती दिसायला तीच असली तरी सर्व्हर फायली पडताळतो आणि चेकसम, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, जुळत नसल्याचे सांगून बाहेर काढतो. सूचना बहुधा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर येतात आणि चालकांच्या बैठकीला गैरहजर राहिल्यास काही ठिकाणी दंड असतो, म्हणून त्या वाहिनीची घंटी चालू ठेवावी.

सराव कसा करावा

एक गाडी आणि एक ट्रॅक घेऊन किमान आठवडाभर तेथेच राहावे. दर संध्याकाळी नवा ट्रॅक फिरवणारा चालक सर्व ट्रॅकवर सारखाच मध्यम राहतो. रस्त्यावर दिसणारी मार्गदर्शक रेषा पहिल्या दोन बैठकांनंतर बंद करावी आणि ब्रेकसाठी फलक, सावली किंवा डांबराचा बदललेला रंग यांच्या खुणा स्वतः शोधाव्यात.

सरावासाठी ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट उत्तम, आणि तो आपला आहे हे वेगळे. ५.१२५ किलोमीटरच्या या ट्रॅकवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभराची सरळ येते आणि तिच्या शेवटी उजवीकडचे चौथे वळण. इथे ब्रेक पूर्ण जोराने मारून गाडी वळायला लागताच पाय हळूहळू उचलत नेणे, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, शिकावे. पाय एकदम उचलला तर पुढच्या टायरवरचे वजन जाते आणि गाडी सरळ निघते. उशिरा उचलला तर मागचा भाग फिरतो. पुढे दहाव्या-अकराव्या वळणाची लांबलचक वाटी आहे, जिथे ॲक्सिलरेटर दाबण्याची घाई करणारा बाहेर फेकला जातो. या दोन जागा दररोज सारख्या जमू लागल्या की चालक तयार होत आहे, असे म्हणता येते.

प्रगती मोजायची असेल तर सर्वोत्तम लॅपकडे पाहू नये. सलग वीस लॅप माराव्यात, त्यांतील सर्वांत जलद आणि सर्वांत मंद लॅपमधील फरक वहीत लिहावा आणि एकाही लॅपमध्ये गाडी ट्रॅकबाहेर गेली नाही ना, हे नोंदवावे. हा फरक एका सेकंदाच्या आत आला की मगच वेग वाढवण्याचा विचार करावा.

सेटअपच्या नादी नवोदिताने लवकर लागू नये. टायरमधील हवा, ब्रेकचे पुढे-मागे प्रमाण आणि इंधन एवढे तीन आकडे पुरेत. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओनेच्या १.९ आवृत्तीपासून जीटी३ गाडीच्या कोरड्या टायरचा गरम असतानाचा दाब २६ ते २७ पीएसआयमध्ये असावा लागतो. इंटरनेटवर अजूनही २७.५ चा जुना सल्ला फिरतो, त्याकडे दुर्लक्ष करावे.

इंधनाचा हिशेब मात्र बारकाईने करावा लागतो. समजा शर्यत ३० मिनिटांची, म्हणजे १८०० सेकंदांची, आणि आपला लॅप १०८ सेकंदांचा आहे. भागाकार १६.७ येतो आणि आपण १७ लॅपचे इंधन भरतो. पण वेळ संपल्यानंतर पहिला चालक रेषा ओलांडतो तेव्हा शर्यत संपल्याचा झेंडा पडतो, असा नियम बहुतेक शर्यतींत असतो. त्याचा लॅप १०५.५ सेकंदांचा असेल तर १७ लॅप तो १७९३.५ सेकंदांतच संपवतो आणि अठराव्या लॅपला निघतो. आपण सतरावी संपवतो तेव्हा झेंडा पडलेला नसतो, म्हणून आपल्यालाही अठरावी लॅप मारावी लागते. लॅपला २.९ लिटर धरले तर ५२.२ लिटर आणि सुरुवातीच्या संथ फेरीसह थोडा साठा मिळून ५५ लिटर भरावे.

निवड फेरी आणि शर्यत

निवड फेरीत बहुधा ठरावीक दिवसांच्या मुदतीत प्रत्येकाने आपली सर्वोत्तम वेळ नोंदवायची असते. मुदतीच्या पहिल्याच दिवशी एक सुरक्षित, नियमात बसणारी वेळ लावून टाकावी आणि मग सुधारणा करावी. शेवटच्या रात्री सर्व्हरवर गर्दी असते आणि आपला हातही जड झालेला असतो.

मुख्य शर्यतीत पहिली लॅप टिकवणे हेच काम. गाड्या रांगेत असताना पुढच्याचा ब्रेक आपल्या नेहमीच्या खुणेच्या बराच आधी लागतो, म्हणून पहिल्या वळणावर आपणही आधी ब्रेक मारावा. आत घुसायचे असेल तर समोरचा वळायला लागण्यापूर्वी आपली गाडी त्याच्या बाजूला पुरेशी आलेली असली पाहिजे. हेडलाइट चमकवल्याने वाट मिळण्याचा हक्क मिळत नाही. गाडी फिरली तर ब्रेक दाबून जागीच थांबवावी, म्हणजे मागून येणाऱ्यांना ती कुठे आहे हे कळते, आणि सर्व गाड्या गेल्याची खात्री झाल्यावरच परत ट्रॅकवर यावे. निळा झेंडा, म्हणजे एक फेरी पुढे असलेली गाडी मागून येत असल्याची खूण, दिसला तर गडबडून बाजूला न होता आपली ओळ धरून ठेवावी व सरळ रस्त्यावर वाट द्यावी.

हे सगळे भित्रेपणाचे वाटत असेल तर गुणांचा हिशेब करून पाहावा. २५, १८, १५, १२, १० या प्रचलित गुणपद्धतीत पाचपैकी दोन शर्यती जिंकून तीन अर्धवट सोडणाऱ्याला ५० गुण मिळतात आणि पाचही वेळा पाचवा येणाऱ्यालाही ५०. पाचही वेळा चौथा येणारा ६० गुणांनी दोघांच्याही पुढे जातो.

धडक झाली आणि चूक दुसऱ्याची वाटली तर चॅटमध्ये काहीही लिहू नये. खेळातून बाहेर पडण्यापूर्वी रिप्ले साठवावा, लॅप, वळण, शर्यतीची वेळ आणि दोन्ही गाड्यांचे क्रमांक टिपावेत आणि ठरलेल्या मुदतीत अर्ज भरावा. अर्जात ‘मुद्दाम ठोकले’ असे न लिहिता ‘वळताना माझी गाडी आतल्या बाजूला अर्धी पुढे होती’ असे, रिप्लेमध्ये दिसणारे लिहावे. स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीतील वादांचा निवाडा करणारे अधिकारी, तेवढेच पाहू शकतात. अर्ज पाठवण्याआधी तीच घटना समोरच्याच्या गाडीतून एकदा बघावी. बरेच अर्ज त्यानंतर पाठवलेच जात नाहीत.

समोरासमोरची अंतिम फेरी

काही स्पर्धांची अंतिम फेरी एका सभागृहात, आयोजकाने मांडलेल्या रिगवर होते. नागपूरहून मुंबई, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई कुठेही रेल्वेने जाता येते ही सोय आहेच, पण रात्रभर प्रवास करून सकाळी थेट रिगवर बसण्याऐवजी आदल्या दिवशी पोहोचावे. व्हील आणि पेडलचे मॉडेल आधी विचारून घ्यावे. ते अधिक जोराचे असेल तर शहरातील एखाद्या मित्राच्या किंवा गेमिंग केंद्रातील तशा व्हीलवर दोन-तीन संध्याकाळी हात बसवावा. घरी अनवाणी सराव करणाऱ्याने पातळ तळाचे बूट घालून सराव सुरू करावा, कारण सभागृहात बूट सक्तीचे असू शकतात आणि त्यात ब्रेकचा अंदाज बदलतो.

रिगवर बसायला मिळालेली पहिली पाच मिनिटे वेग दाखवण्यात घालवू नयेत. आधी खुर्चीचे अंतर, मग पेडल पूर्ण दाबल्यावर पडद्यावर शंभर टक्के दिसते का, मग व्हीलचे अंश आणि शेवटी फोर्स फीडबॅकचा, म्हणजे व्हीलमधून हाताला मिळणारा, जोर, या क्रमाने तपासावे. काही बिघाड आढळला तर तो सराव सत्रातच तांत्रिक अधिकाऱ्याला सांगून नोंदवून घ्यावा. शर्यत सुरू झाल्यावर केलेल्या तक्रारीवर सामान बदलून मिळण्याची शक्यता फार कमी असते.